पायथन क्लायंट १००९ देऊन सारखा तुटतोय, मेसेज साइझ कुठं वाढवायची?

सौदेवाला_सांगली:
मंडळी, एका बेदाण्याच्या अडत्याच्या दुकानात स्क्रीन लावून दिलीय, सौद्याचे भाव आले की टीव्हीवर दिसतात. पायथनची वेबसॉकेट्स लायब्ररी (सर्व्हरशी सतत जोडलेलं राहून डेटा घ्यायची), साधाच क्लायंट. सीझन नव्हता तेव्हा निवांत चालायचं, आता लॉट वाढलेत तर जोडला की लगेच १००९ (मेसेज फार मोठा, असा एरर कोड) देऊन तुटतोय, परत जोडतोय परत तुटतोय, दिवसभर हेच, अडत्या वैतागलाय. सर्व्हर दुसऱ्यांचा, ते म्हणतात आमच्याकडं काही लिमिट नाही, आणि गंमत म्हणजे त्यांचं वेब पेज क्रोममध्ये उघडलं की सगळा डेटा बरोबर दिसतो. कनेक्ट झाल्या झाल्या सगळ्या लॉटची यादी एकाच मेसेजमध्ये येते, त्यात प्रत्येक लॉटचा छोटा फोटोपण बेस६४ (म्हणजे अक्षरांत बदलून) करून. अडतंय कुठं?

कराडचा_बॅकएंडवाला:
भावा, सर्व्हरवाले खरं बोलतायत. एरर नीट वाच, 'सेंट १००९' आहे का 'रिसीव्ह्ड १००९'? सेंट असलं तर तुझ्याच क्लायंटनं मेसेज मोठा आहे म्हणून दार लावलंय. या लायब्ररीत येणाऱ्या मेसेजला मुळातच १ एमबीची लिमिट असते, म्हणजे १०४८५७६ बाइट. कनेक्ट करताना मॅक्स_साइझ म्हणून पॅरामीटर आहे तिथं आकडा द्यायचा, ८ एमबी हवं तर ८*१०२४*१०२४, झालं काम. आकड्याऐवजी नन (None) दिलं तर लिमिटच निघून जाते पण ते करू नको, उद्या समोरून काहीही येईल आणि दुकानातल्या त्या जुन्या पीसीची रॅम खाऊन बसेल. क्रोमचं म्हणशील तर ब्राउझरच्या वेबसॉकेटला अशी लिमिट लावायची सोयच नाही, म्हणून तिथं चालतं.
अजून एक, नेटवर्कवर मेसेज २००-३०० केबीच दिसला तरी फसू नको. कॉम्प्रेशन चालू असतं आणि लिमिट उघडल्यानंतरच्या साइझवर मोजतात.

अजिंक्यतारा:
१ एमबी म्हणजे चैन आहे की. आमच्याकडं जावा, टॉमकॅटचा क्लायंट, तिथं टेक्स्ट बफर (मेसेज धरायची जागा) ८१९२ बाइटचा, जरा मोठा जेसन (मजकूर रूपातला डेटा) आला की संपलं. वेबसॉकेट कंटेनरवर डिफॉल्ट मॅक्स टेक्स्ट मेसेज बफर साइझ सेट करायची आणि ते कनेक्ट करायच्या आधी, नंतर केलं तर चालू सेशनला काही फरक पडत नाही. नोडची (जावास्क्रिप्टवाली) डब्ल्यूएस लायब्ररी उलट एकदम उदार, मॅक्सपेलोड १०० एमबी. लायब्ररी बदलली की आकडा बदलतो एवढं लक्षात ठेव.

मिरज_जंक्शन:
लिमिट वाढवून आजचं भागेल, पण पुढच्या सीझनला परत इथंच येशील. फोटो सॉकेटवर कशाला? बेस६४ मध्ये ३ बाइटचे ४ होतात, त्यापेक्षा फोटोची लिंक पाठवायला सांग आणि तू साध्या एचटीटीपीनं ओढून घे. दुसरं, त्यांचा सर्व्हर पायथनचा असेल आणि जेसन डंप्स (जेसन बनवायचं फंक्शन) तसंच वापरलं असेल तर प्रत्येक मराठी अक्षर आणि मात्रा \यू०९२८ असली होऊन जाते, ६ बाइट. यूटीएफ-८ मध्ये तीच ३. नुसता 'बेदाणा' शब्द १८ च्या जागी ३६ बाइटचा, आणि यादीत शेतकऱ्याचं नाव, गाव, प्रत सगळं मराठीतच असणार. त्या फंक्शनला एन्शुअर_एएससीआयआय फॉल्स केलं की मजकूर बराच उतरतो.

कराडचा_बॅकएंडवाला:
@मिरज_जंक्शन पटलं, पण सर्व्हर त्याच्या हातात नाही ना. तोवर ८ एमबी लावून दुकान चालू करू दे बिचाऱ्याला.

सौदेवाला_सांगली:
'सेंट १००९'च होतं. ८ एमबी दिल्यावर स्क्रीन आली, सकाळच्या सौद्यात एकदाही तुटली नाही. मेसेजची लेंग्थ प्रिंट केली तर दीड एमबीच्या आसपास, त्यात फोटोच जास्त. सर्व्हरवाल्यांना लिंकचं सांगितलंय, ते म्हणाले बघतो. जेसनमध्ये \यू०९ वालीच अक्षरं येतायत, तेपण कळवतो.