मदत हवी आहे : सीएचजी-१ दुसऱ्यांदा परत आला

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे. मशिनरी तारण ठेवून बँकेचं कर्ज घेतलं. त्या तारणाचा बोजा (चार्ज) कंपनी रजिस्ट्रारकडे नोंदवायला भरलेला सीएचजी-१ फॉर्म दुसऱ्यांदा रिसबमिशनला, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा भरायला, परत आलाय. पहिल्यांदा करारावर तारीख १२ अन् फॉर्मात २१, ती चूक माझीच. आता म्हणे मशीनचं वर्णन कराराशी जुळत नाही. करारात नुसतं 'लेथ, २ नग'. मी सीरियल नंबरही टाकले. जास्त माहिती दिली तर बिघडलं कुठे, बाप्पा?

दुरुस्तीला मिळालेल्या १५ दिवसांतले ९ गेले. फॉर्म बाद झाला तर नव्याने भरेस्तोवर करारापासूनचे ३० दिवस उलटतील, म्हणजे जादा फी. त्यात बँकेच्या साहेबांची डिजिटल सही मिळवणं वेगळीच वारी.

वर्णन करारातलं जसंच्या तसं उतरवू, की पुरवणी करार करू? कुणी नुकतंच केलं असेल तर सांगा भाऊ.