जुनी एक्सपल्स घ्यावी का?

बी-३०२: नमस्कार. हिरोची जुनी एक्सपल्स २०० बाईक बघलालोय. २०२१ची, एमएच-१३ पासिंग, होटगी रोडला आहे. गाडी एकदम चकाचक. अशी ट्रेलची, म्हणजे कच्च्या वाटेवर चालवायची गाडी कुणी वापरली आहे का? शनिवारी बघायला जाणार.

ए-१०४: चकाचक आहे म्हणूनच नीट बघा. मी पहिली अशीच पॉलिश बघून घेतली होती. महिन्याभरात फोर्कचे, म्हणजे पुढच्या शॉकचे सील गळायला लागले, मागची रिम आऊट, म्हणजे वाकडी निघाली. विकणारा एक अक्षर बोलला नव्हता.

आधीच फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. गरम लागलं तर थंड इंजिन स्टार्टिंगला त्रास देत असणार, असंच धरा.

मग खाली वाकून बघा. इंजिनखालची बॅश प्लेट चेपलेली असली तरी चालेल, दगड खायलाच असते ती. पण इंजिनच्या केसला चीर किंवा वेल्डिंग दिसलं तर सरळ परत या. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध अडकल्यागत झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग गेलं. स्पोकवर स्क्रूड्रायव्हरनं एकेक टिचकी मारा. टण् वाजला तर ताठ, बद्द वाजला तर सैल. पुढचं चाक २१ इंची आहे, सगळा मार तेच खातं.

एअर फिल्टर उघडायला लावाच. काळ्या रानाची धूळ उन्हाळ्यात पिठागत होते. फिल्टरच्या आतल्या बाजूला ती दिसली तर इंजिननं खाल्लीय.

सी-२०१: आरसीवर बँकेचं नाव आहे का ते बघ रे. असलं तर गाडीवर कर्ज आहे, बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नको. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या समोर घे. चलन बाकी आहे का तेही ऑनलाइन दिसतं. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करून घे.

बी-३०२: होय काकू. काका, फिल्टर उघडून दाखवतील का ओ ते?

ए-१०४: नाही म्हणाले तर गाडी तिथंच सोडायची. आणि एक, घेतल्यावर नान्नजच्या माळावर घालू नका. माळढोकाचं अभयारण्य आहे ते. तो पक्षी जमिनीवरच अंडं घालतो, चाकाखाली गेलं तर कळणारसुद्धा नाही. मला फार वाईट वाटतं तिथं चाकांच्या खुणा बघून.

बी-३०२: नाही घालणार काका. शनिवारी येता का सोबत?

ए-१०४: येतो की. सकाळी ७ ला गेटवर थांबा, स्क्रूड्रायव्हर मी आणतो.