कानबाईला येणारे देशद्रोही का?

तापीकाठ: परवा एकाने लिहिलंय की 15 ऑगस्टला झेंड्याला शाळेची पोरं सोडली तर कोणी फिरकत नाही, अन् कानबाईला, आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, सुरत-पुण्याहून गाड्या भरभरून येतात, मग देशापेक्षा बाई मोठी का, देशद्रोहीच हे! डोकंच फिरलं. 15 ऑगस्टला पगारी सुट्टी असते हो. कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी विसर्जन, त्या सोमवारी मी सुरतेच्या मिलमध्ये 11 वर्षं खाडा करून आलोय.

भुसावळकर: लिहिणारा मीच. खाड्याचं कौतुक नका सांगू, सुरतेच्या उधन्यातही कानबाई बसते, तिथंच नाचा. नंदुरबारला 9 सप्टेंबर 1942 ला शिरीषकुमार इंग्रजांविरुद्धच्या मिरवणुकीत पोलिसांची गोळी लागून पडला, 15 वर्षांचं पोरगं. ती तारीख किती जणांना पाठ आहे?

तापीकाठ: मला आहे. अन् त्या दिवशी सुट्टी नसते. म्हणजे सुट्टीचा न् आठवणीचा संबंध नाही हे तुम्हीच सांगून टाकलं, धन्यवाद.

अमळनेरची सून: सुट्टी सुट्टी काय करताय, कोणाला असते? रोटाचे, कानबाईच्या नैवेद्याचे, गहू माणसामागे सव्वा मापाने मोजायचे, निवडायचे, चक्कीवाला चक्की धुऊन देईपर्यंत ताटकळायचं, मग पुरण. रविवार चुलीपुढंच जातो. मिरवणुकीत फुगड्या खेळतो तेवढाच आमचा 15 ऑगस्ट.

भुसावळकर: रोटाचं नाव काढू नका ताई. भाड्याने राहायचो, शेजारी दोन दिवस पुरणाचा वास, अन् आमच्या पोराला एक घास नाही, भाऊबंदाबाहेर चालत नाही म्हणे! सगळ्या गावाचा सण ना हा?

तापीकाठ: कुळाचार आहे तो, हॉटेल नाही.

भुसावळकर: मग झेंड्याखाली तरी कोणी कूळ विचारत नाही!

अमळनेरची सून: हे मात्र खरंय. आमच्याकडेही पोरं दारात उभी असतात, बघवत नाही.

चोपडा शिवार: भांडा निवांत. आमच्या सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतं, वर्षातला हक्काचा मोकळा दिवस म्हणाल तर तोच. 26 जानेवारीलाही केळीला पाणी धरतो. त्याला विचारा कुठला सण राष्ट्रीय.

तापीकाठ: काय सांगी राह्यना भो, मालक तूच ना? दे की सुट्टी.

चोपडा शिवार: …

भुसावळकर: बरं, देशद्रोही शब्द मागे. पण येत्या 15 ऑगस्टला गावात असाल तर सकाळी झेंड्याला दिसा. अन् रोट पाठवा.

तापीकाठ: झेंड्याला येतो. रोट नाही मिळायचे. आखाजीला या, गोड सांजोऱ्या खाऊ घालतो, कूळ न विचारता.