कास्ट फेल होतोय, म्हणजे क्लास लोडिंग सेफ ना?

रात्रपाळी: आमच्या अॅपमध्ये एक्सपोर्टचे प्लगइन आहेत, कुठला वापरायचा ते रिक्वेस्टमधून येतं, म्हणजे क्लासचं पूर्ण नावच येतं, आम्ही ते जावाच्या फॉरनेमला (नावावरून क्लास लोड करणारी मेथड) देतो, ऑब्जेक्ट बनवतो आणि आमच्या इंटरफेसला कास्ट करतो (म्हणजे ऑब्जेक्ट त्या प्रकारचा नसेल तर एरर). ऑडिटवाल्यांनी ते हाय रिस्क म्हणून टाकलंय. सीनियर म्हणतो भलता क्लास आला तर कास्टच फेल होईल, टेन्शन नको. बरोबर कोण?

जारफोड्या: ऑडिटवाले. तुमचा कास्ट म्हणजे वरातीमागून घोडं आहे. एका आर्ग्युमेंटचं फॉरनेम क्लास नुसता लोड करत नाही, इनिशियलाइज पण करतं. स्टॅटिक ब्लॉक (इनिशियलाइज होताना आपोआप चालणारा कोड) तिथेच रन झाला, मग कन्स्ट्रक्टर, आणि मग कुठे क्लासकास्ट एक्सेप्शन.
पोस्टग्रेस डेटाबेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये (जावातून डेटाबेसला जोडणारी लायब्ररी) हेच होल सापडलं होतं (नंबर सीव्हीई-२०२२-२१७२४). कनेक्शन यूआरएलमध्ये सॉकेट फॅक्टरीच्या क्लासचं नाव देता यायचं आणि तो खरंच सॉकेट फॅक्टरी आहे का हे न बघताच ड्रायव्हर ऑब्जेक्ट बनवायचा. तिथे स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा क्लासपाथ-एक्सएमएलवाला कॉन्टेक्स्ट द्यायचा, आर्ग्युमेंट म्हणून आपली यूआरएल, तो बाहेरून एक्सएमएल आणून त्यातले बीन, म्हणजे त्यात लिहिलेले ऑब्जेक्ट, बनवतो. खेळ खल्लास.

रात्रपाळी: पण आमचा कन्स्ट्रक्टर बिनआर्ग्युमेंटचा आहे, आणि बाहेरची जार (क्लासचं पॅकेज) कुणी टाकूच शकत नाही??

सावकाश_जीसी: बाहेरची कशाला, तुमच्या क्लासपाथवर (अॅप जिथून क्लास शोधतं तिथे) आहेत त्यातच काय काय निघेल बघ. बिनआर्ग्युमेंट असेल तर धोका कमी हे मान्य, हायचं मीडियम करून घ्या हवं तर, पण उद्या कुणी नवी डिपेंडन्सी टाकली की गणित बदललं.
साधा मॅप ठेवा, "पीडीएफ" आलं की हा क्लास, "सीएसव्ही" आलं की तो, बाकी सगळं रिजेक्ट. नावानेच लोड करायचं असेल तर तीन आर्ग्युमेंटचं फॉरनेम, मधलं फॉल्स (इनिशियलाइज करू नको), मग अॅजसबक्लास (प्रकार जुळतो का ते बघायला), आणि त्यानंतरच ऑब्जेक्ट.
आणि ब्लॉकलिस्ट (नको त्या नावांची यादी) करत बसू नका रे. स्प्रिंगने २०१० मध्ये रिक्वेस्टमधून क्लासवरून क्लासलोडरकडे (क्लास लोड करणाऱ्या ऑब्जेक्टकडे) जायची वाट बंद केली होती, जावा ९ मध्ये मॉड्यूल आलं आणि क्लास-मॉड्यूल-क्लासलोडर अशी नवी वाट निघाली, तेच २०२२ चं स्प्रिंगफोरशेल नावाचं होल.

रात्रपाळी: आत्ता लोकलला करून बघितलं. स्टॅटिक ब्लॉकमध्ये टेम्प फोल्डरला फाइल लिहिणारा एक क्लास बनवला आणि त्याचं नाव रिक्वेस्टमधून पाठवलं. लॉगमध्ये क्लासकास्ट एक्सेप्शन आली, आणि फाइल पण आली 😐 सीनियरला स्क्रीनशॉट पाठवलाय, ब्लू टिक आहे, रिप्लाय नाही.