पन्हळ लावूनही पाणी मागून भिंतीवर उतरते, ड्रिप फ्लॅशिंग कशी बसवावी?

प्रश्न (कौलखालचा):
चिपळूणजवळ घर आहे, दुपाखी छप्पर, कलर कोटेड पत्रा, उतार साधारण १५ अंश. एका पाखीची लांबी ३० फूट, वरून खाली १२ फूट. ५ इंची पन्हळ वाशांच्या टोकाच्या फळीवर मारली आहे. पत्रा फळीच्या पुढे जेमतेम १ इंच येतो. पन्हळ आणि फळी यांच्यामधून पाणी उतरते, फळी काळी पडली आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, सिलिकॉन भरू. त्याने काम होईल का?

उत्तर १ (पत्रेवाला_७):
आधी सांगा, भिंत भुरभुर पावसात ओलते की मुसळधार पावसात? जोराचे पाणी पुढे उडी मारून पन्हळीत पडते. बारीक धार मात्र पत्र्याच्या पोटाला चिकटून मागे सरकते आणि फळीवर उतरते. भुरभुर पावसात ओलत असेल तर फ्लॅशिंग हवी, म्हणजे पत्र्याच्या काठाखाली बसणारी, पाणी पन्हळीत उतरवणारी दुमडलेली पट्टी. फक्त मुसळधार पावसात ओलत असेल तर पन्हळ मागच्या बाजूने भरून वाहते आहे, तिथे फ्लॅशिंगचा उपयोग नाही.

सिलिकॉन नको. ते वर्ष-दोन वर्षांत सुटते आणि तोवर फळीतला ओलावा आतच कोंडतो.

कौलखालचा: भुरभुर पावसातच. फ्लॅशिंगसाठी सगळे पत्रे काढावे लागतील का?

उत्तर २ (बेंडिंग_मास्तर):
नाही. पागोळीकडच्या शेवटच्या ओळीचे स्क्रू काढा, पत्रा हलकेच उचला, पट्टी खालून सरकवा. परत बसवताना त्याच भोकात ५.५ मिमीऐवजी ६.३ मिमीचा स्क्रू मारा, जुना तिथे पकड धरत नाही. वॉशरही नवेच घ्या.

माप: पत्र्याखाली ४ इंच, उभा पाय ३ इंच, तळाला अर्धा इंच बाहेर ४५ अंशात दुमड. ही दुमडच थेंब तोडते, ती नसेल तर पाणी पट्टीवरूनही मागे फिरते. बेंडिंगवाल्याला कोन ९० नाही, १०५ अंशांचा सांगा, कारण छपराला १५ अंश उतार आहे. काटकोनात आणलेली पट्टी पत्र्याला टेकत नाही, वारा आला की वाजते.

उभा पाय पन्हळीच्या मागच्या भिंतीच्या आत उतरला पाहिजे. तो फळी आणि पन्हळ यांच्यामध्ये गेला तर सगळी मेहनत फुकट. पन्हळीला १० फुटांना अर्धा इंच उतार धरला तर ३० फुटांत तिचे पाइपाकडचे टोक दीड इंच खाली जाते. म्हणून ३ इंचांचा पाय, २ इंचांचा तिथे पुरत नाही.

८×४ च्या प्लेन पत्र्यातून ८ इंच रुंदीच्या ६ पट्ट्या निघतात. एका बाजूला ४ लागतात, जोड ४ इंचांचा. जोडात न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन जस्ताचा थर खाते. कापायला पत्रा कात्रीच वापरा. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी रंग जळतो आणि कोकणच्या हवेत तिथूनच गंज सुरू होतो.

उत्तर ३ (पत्रेवाला_७):
त्यात थोडी भर. पन्हळीचा पुढचा काठ मागच्यापेक्षा अर्धा इंच खाली ठेवा, तुंबली तरी पाणी अंगणात पडेल. ब्रॅकेट दीड फुटावर एक. तुमच्या एका पाखीचे क्षेत्र सुमारे ३३ चौरस मीटर, तासाला १०० मिमी पावसात मिनिटाला ५५ लिटर पाणी येते. पाइप ११० मिमीचा असू द्या, ७५ मिमीचा पावसाने जोर धरला की तोकडा पडतो.

फळी मऊ पडली असेल तर आधी ती बदला. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा, सहज घुसला तर त्यावर ब्रॅकेट टिकणार नाही.

कौलखालचा: पत्र्याच्या नाळ्यांखाली फट राहते, तिचे काय?

उत्तर ४ (बेंडिंग_मास्तर):
पत्र्याच्या घडणीचा फोम फिलर मिळतो. पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये, पर्लिनच्या (पत्रा ज्यावर स्क्रूने बसतो त्या आडव्या आधाराच्या) रेषेवर ठेवा आणि त्यातूनच स्क्रू मारा. उंदीर-चिमण्याही थांबतात. काम झाल्यावर नळीने बारीक धार सोडून तपासा. बादली उपडी करून काही कळत नाही, ते पाणी पुढेच पडते.