मदत हवी आहे : उथळ तलावात विंडसर्फिंगसाठी कोणती फिन घ्यावी? (नॉयझीडलर झे, ऑस्ट्रिया)

नमस्कार मंडळी,

मी व्हिएन्नाजवळ राहते आणि नॉयझीडलर झे या तलावावर, पोडर्सडोर्फच्या किनाऱ्यावरून, विंडसर्फिंग करते. या खेळाचे पहिले धडे मी गोव्यात दोनापावलाच्या समुद्रात घेतले होते. तेथे किनारा जवळ येईपर्यंत बोर्डाखाली किती पाणी आहे याचा विचार करावा लागत नसे. येथे तो सतत करावा लागतो. माझा प्रश्न बोर्डाखालच्या फिनविषयी (मागच्या टोकाशी पाण्यात उतरणाऱ्या पात्याविषयी) आहे, परंतु तलावाचा स्वभाव सांगितल्याशिवाय त्याचे नेमके उत्तर देणे कोणालाही अवघड जाईल, म्हणून आधी ती माहिती थोडी विस्ताराने देते.

हा तलाव सुमारे ३२० चौरस किलोमीटरचा असून त्याचा निम्म्याहून अधिक भाग बोरूच्या दाट पट्ट्याने व्यापलेला आहे. त्याचे दक्षिण टोक हंगेरीत आहे आणि तेथे त्याला फेर्तो म्हणतात. इतका मोठा तलाव असूनही त्याची सर्वाधिक खोली जेमतेम १.८ मीटर आहे, आणि बऱ्याच ठिकाणी पाणी कमरेइतके किंवा त्याहूनही कमी असते. त्यात येणारे पाणी बहुतांशी पावसाचे, आणि जाणारे पाणी बहुतांशी बाष्पीभवनाने जाणारे. त्यामुळे पाऊस कमी झाला की पातळी लगेच उतरते. १८६५ च्या सुमारास तर हा तलाव पूर्ण आटला होता आणि पुन्हा भरायला काही वर्षे लागली होती. अलीकडे २०२२ च्या उन्हाळ्यात पातळी १९६५ नंतरच्या नीचांकावर गेली आणि धक्क्यांना बांधलेल्या होड्या चिखलात बसल्या. त्यानंतर पाणी पुन्हा वाढले आहे, परंतु खोली गृहीत धरता येत नाही हे तेव्हा सर्वांच्याच लक्षात आले.

दुसरी अडचण पाण्याच्या रंगाची आहे. तळाची माती अतिशय बारीक असल्याने थोडा वारा सुटला तरी ती ढवळून वर येते आणि पाणी करड्या दुधाळ रंगाचे होते. कोपरापर्यंत हात बुडवला तर स्वतःची बोटे दिसत नाहीत. समोरचा उंचवटा गुडघाभर पाण्याखाली आहे की छातीभर, हे डोळ्यांना कळण्याचा काही मार्गच उरत नाही.

आता माझ्या साहित्याविषयी सांगते. माझे वजन ६२ किलो आहे. बोर्ड ११५ लिटरचा फ्रीराइड (सर्वसाधारण वापराच्या) प्रकारचा, जुना विकत घेतलेला असून त्याला पॉवरबॉक्स (फिन बसवण्याच्या खाचेचा एक प्रकार) आहे, आणि त्याच्यासोबत ४० सेंटीमीटरची सरळ, उभी फिन आली आहे. ५.२ आणि ६.२ चौरस मीटर अशी दोन शिडे वापरते. हार्नेस (शिडाला अडकवायचा कमरपट्टा) आणि फूटस्ट्रॅप (बोर्डावर पाय अडकवायचे पट्टे) यांची सवय झाली आहे, वॉटरस्टार्ट (पाण्यात पडलेले असताना शिडाच्या ओढीने बोर्डावर चढणे) जमतो, जाइब (वारा मागून घेत वळणे) मात्र वेग सांभाळून पूर्ण होतोच असे नाही.

मे महिन्यात वायव्येचा चांगला वारा होता आणि बोर्ड पूर्ण प्लेनिंगवर (वेगामुळे उचलला जाऊन पाण्यावरून घसरत) असताना फिन तळाच्या एका उंचवट्याला लागली. बोर्ड जागच्या जागी थांबला आणि मी हार्नेसमध्ये अडकलेल्या अवस्थेत शिडासकट पुढे फेकले गेले. सुदैवाने पाठीवर पडले, इजा झाली नाही. बाहेर येऊन पाहिले तर फिनच्या टोकाशी काळा रंग उडून पांढरट धागे दिसत होते आणि पुढच्या कडेचा नखाएवढा तुकडा निघालेला होता. फिनबॉक्सला तडा गेला नाही हे विशेष.

तेव्हापासून मी साधा हिशेब मांडून पाहत आहे. फिन ४० सेंटीमीटर, प्लेनिंगवर येण्यापूर्वी माझ्या वजनाने बोर्ड पाण्यात बसतो ते सुमारे १० सेंटीमीटर, आणि दोन लाटांमधल्या खळग्यात पाणी कमी होते ते आणखी १० ते १५ सेंटीमीटर. म्हणजे ६५ सेंटीमीटरपेक्षा कमी पाणी असलेला कोणताही पट्टा माझ्यासाठी बंद झाला. फिन २५ सेंटीमीटरची केली तर तलावाचा बराच मोठा भाग पुन्हा खुला होईल. परंतु फिन आखूड केली की बोर्ड बाजूला घसरतो, वाऱ्याविरुद्ध वर चढत नाही आणि स्पिन-आऊट (फिनची पाण्यावरची पकड अचानक सुटणे) वाढतो, असे सर्वत्र वाचायला मिळते. बोर्डाखाली फिन हीच काय ती पकड असल्याने ही भीती मला रास्त वाटते.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. ६.२ च्या शिडाबरोबर मी किती आखूड फिनपर्यंत जाऊ शकते? मागे झुकलेली वीडफिन घ्यावी की रुंद, त्रिकोणी डेल्टा फिन घ्यावी? आखूड फिन लावल्यावर मास्ट-फूट (शिडाचा खांब, म्हणजे मास्ट, बोर्डाला जोडला जातो ती जागा), फूटस्ट्रॅप आणि उभे राहण्याची पद्धत यांत काय बदल करावे लागतात? शेवटचा प्रश्न माझ्या बारा वर्षांच्या मुलीविषयी आहे. ती या उन्हाळ्यात शिकायला सुरुवात करणार आहे. पाणी उथळ म्हणून तलाव मुलांसाठी सुरक्षित, असे येथे सर्रास म्हटले जाते. ते कितपत खरे मानावे?

ज्यांनी उथळ पाण्यात प्रत्यक्ष विंडसर्फिंग केले आहे त्यांचे अनुभव वाचायला फार आवडतील.

प्रतिसाद १

नमस्कार ताई. मी जर्मनीत हानोफरला राहतो आणि श्टाइनहूडर मेअर या तलावावर विंडसर्फिंग करतो. आमचा तलाव तुमच्यापेक्षा खूप लहान, सुमारे २९ चौरस किलोमीटरचा आहे, परंतु सरासरी खोली अवघी १.३५ मीटर असल्याने तुमची अडचण मला चांगलीच ओळखीची आहे. शिवाय आमच्याकडे काही वर्षी उन्हाळ्यात पाणवनस्पती इतकी माजते की सरळ फिन लावून दहा मीटरही जाता येत नाही.

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा आहे की लांबी कमी करा, पण क्षेत्रफळ फारसे कमी होऊ देऊ नका. शीड बोर्डाला पुढे ओढते तसेच बाजूलाही ढकलते, आणि त्या बाजूच्या ढकलीला फिनने उत्तर द्यायचे असते. फिनचा हा जोर तिच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. वेग निम्मा झाला की जोर एक चतुर्थांश होतो. म्हणूनच आखूड फिन पूर्ण वेगात तक्रार करत नाही. ती दगा देते ते सुरुवातीच्या क्षणी, जेव्हा बोर्ड अजून प्लेनिंगवर आलेला नसतो आणि आपण घाईने मागच्या पायावर भार टाकतो. यावर उपाय सवयीचा आहे. बोर्ड आधी थोडा वारा वाहतो त्या दिशेने खाली सोडा, भार हार्नेसमधून मास्ट-फूटवर जाऊ द्या, वेग आल्यावरच मागचा पाय स्ट्रॅपमध्ये घाला आणि त्यानंतर हळूहळू वाऱ्याविरुद्ध वर चढा. वर चढण्याचा कोन लांब फिनइतका तीव्र मिळणार नाही, हे मात्र स्वीकारावे लागते.

तुमच्या वजनाला आणि ६.२ च्या शिडाला मी २८ ते ३० सेंटीमीटरची वीडफिन सुचवीन. ती मागे झुकलेली असल्याने तळाला लागली तरी बऱ्याचदा अडकत नाही, वरून सरकून जाते. उभी फिन मात्र तळात रुतते आणि बोर्ड एकदम थांबवते. तुमच्या बाबतीत नेमके तेच झाले. डेल्टा फिन आणखी आखूड, २० सेंटीमीटरच्या आसपास मिळते आणि अगदी कमी पाण्यात तिला तोड नाही. माझ्याकडे एक आहे. ५.२ ला ती उत्तम चालते, पण ६.२ ला वारा कमी-जास्त होत असेल तर प्लेनिंगवर यायला वेळ लागतो आणि बोर्ड पाण्याला चिकटल्यासारखा वाटतो. एकच फिन घ्यायची असेल तर वीडफिन घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी ४० सेंटीमीटरची फिनही टाकू नका. निघालेला तुकडा इपॉक्सीने भरून पाण्याच्या पॉलिशपेपरने घासला की पाणी भरपूर असलेल्या वर्षी ती कामाला येईल.

आखूड फिनबरोबर आणखी एक गोष्ट बदलते, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. लांब फिन बोर्डाची वाऱ्याकडची कड उचलून धरत असते. ती आखूड झाली की बोर्डाच्या अगदी कडेला उभे राहिल्यावर ती कड खाली दबते. म्हणून फूटस्ट्रॅप आतल्या बाजूच्या छिद्रांत लावा. झुकलेल्या फिनमुळे पकडीचा मध्य मागे सरकतो आणि बोर्ड वाऱ्यापासून दूर वळू पाहतो. त्यासाठी मास्ट-फूट एक-दोन सेंटीमीटर मागे घेऊन पाहा. पाय थोडे सैल, दाब सम, आणि मागच्या टाचेने बोर्डाला लाथ मारल्यासारखा जोर द्यायचा नाही.

कोणी तुम्हाला फॉइल (बोर्डाला पाण्याबाहेर उचलणारा, लांब दांड्यावरचा पंख) घ्या असे सुचवेल. फॉइलचा दांडाच ७० ते ९० सेंटीमीटरचा असतो, तेव्हा तुमच्या तलावात पाण्याची खात्री असलेला पट्टा सोडला तर तो विचार मनात आणू नये.

प्रतिसाद २

मी व्हिएन्नातच असतो आणि याच तलावावर अनेक वर्षे शिडाची होडी चालवतो, त्यामुळे मुलीच्या सुरक्षिततेविषयी थोडे लिहितो.

पाणी उथळ असण्याचा फायदा खरा आहे. मुलगी पडली तर उभी राहते, बीचस्टार्ट (उथळ पाण्यात उभे राहून बोर्डावर चढणे) कोठेही करता येतो, आणि पूर्वेकडच्या किनाऱ्याजवळ तळ तुलनेने कडक असल्याने बोर्ड ओढत चालत परतही येता येते. बोरूच्या पट्ट्याजवळ मात्र तळ मऊ असतो, पाय पोटरीपर्यंत आत जातो आणि चालणे फार थकवणारे होते. शिंपले आणि बोरूचे तुटके खुंट यांमुळे तळपाय कापतात, म्हणून घट्ट बसणारे निओप्रिनचे बूट आवश्यकच समजा.

उथळ पाण्याचा धोका बुडण्यापेक्षा पडण्यात अधिक आहे. डोके पुढे करून पाण्यात कधीही पडायचे नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगा. तोल गेला तर मागे, पसरट बसल्यासारखे पडावे. शिडाबरोबर पुढे फेकले जात असताना बूम (शीड धरायचा आडवा दांडा) सोडायचा मोह होतो, पण बूम धरून ठेवला तर माणूस मास्टच्या पलीकडे उडत नाही. हेल्मेट आणि तरंगते जाकीट तुम्हीही वापरावे, केवळ मुलीने नव्हे. तिच्या शिकाऊ बोर्डाला मधोमध डॅगरबोर्ड (खाली-वर करता येणारे पाते) असेल तर तो किनाऱ्याजवळ पूर्ण वर घेण्याची सवय लावा.

आता वाऱ्याविषयी. वायव्येचा वारा पोडर्सडोर्फला किनाऱ्याकडे आणतो, त्यामुळे काही बिघडले तरी माणूस परत लागतो. आग्नेयेचा वारा मात्र किनाऱ्यापासून आत नेतो. काठाजवळ पाणी सपाट आणि वारा मऊ भासतो, परंतु आत गेल्यावर त्याचा खरा जोर कळतो. शिकणाऱ्या मुलीला त्या दिवशी पाण्यात उतरवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वायव्येचा वारा दीर्घकाळ वाहिला की तलावाचे पाणी दक्षिणेकडे ढकलले जाते आणि उत्तरेकडची पातळी खाली जाते. सकाळी ज्या जागेवरून सहज गेलात तीच जागा दुपारी फिनला लागू शकते ती यामुळे. निघण्यापूर्वी बुर्गेनलांड या येथील राज्याच्या जलविभागाने प्रसिद्ध केलेली त्या दिवसाची पातळी पाहावी. आकडा एड्रियाटिक समुद्राच्या संदर्भात दिलेला असतो, ११५.५ मीटरच्या आसपास असेल तर पाणी समाधानकारक समजावे. २०२२ मध्ये तो ११५ च्या आसपास आला होता, म्हणजे फरक अर्ध्या मीटरचा, आणि आपल्यासाठी तो पूर्ण फिनच्या लांबीचा.

किनाऱ्यावरचे वादळाचा इशारा देणारे केशरी दिवे संथ लुकलुकू लागले की परतायला सुरुवात करावी, आणि जलद लुकलुकू लागले की पाण्यात कोणीही नसावे. सपाट प्रदेश असल्याने वादळ येथे फार लवकर येऊन ठेपते, आणि पाणी कमी असल्याने आखूड, उभ्या लाटा काही मिनिटांत उठतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वेगाच्या वर्गाचा मुद्दा वाचल्यावर, सुरुवातीलाच बोर्ड बाजूला का घसरतो याचा उलगडा झाला. फूटस्ट्रॅप आजच आतल्या छिद्रांत हलवले आहेत. मुलीसाठी हेल्मेट आणि बूट या आठवड्यात घेते, आणि तिचा पहिला वर्ग वायव्येच्या हलक्या वाऱ्याच्या दिवशीच ठेवण्याविषयी प्रशिक्षकांशी बोलते.

२८ ते ३० सेंटीमीटरची वीडफिन घेण्याचे ठरवत आहे. दोन शंका उरल्या आहेत. वीडफिन साधारण किती अंशांनी मागे झुकलेली असावी, कारण दुकानांच्या संकेतस्थळांवर थोडी झुकलेली आणि खूप झुकलेली असे दोन्ही प्रकार दिसतात? आणि तळाला वारंवार लागणार हे गृहीत धरले तर जी-१० (काचतंतू आणि इपॉक्सीच्या पदार्थाची) कडक फिन घ्यावी, की जरा लवचिक आणि स्वस्त फिन घेऊन ती झिजू द्यावी? व्हिएन्ना किंवा ब्रातिस्लाव्हा परिसरात कोणाकडे पॉवरबॉक्सची अशी फिन असेल आणि एखाद्या दिवशी वापरून पाहायला मिळत असेल, तर कृपया येथे कळवावे. पोडर्सडोर्फला येऊन घेण्याची आणि परत पोहोचवण्याची जबाबदारी माझी.