मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवावं का? आमचं घर पेगन आहे

टेकडीकडची_आई (बावधन)
नमस्कार, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत. आम्ही सहा वर्षं ब्रिस्टलला होतो, तिथे मी ड्रुइड मार्गाकडे वळले, मागून नवराही आला, आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात परतलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेगन लोक निसर्गालाच देव मानतात, वर्षात आठ सण, दोन अयनं, दोन संपात आणि मधले चार. ड्रुइड हा त्यातलाच एक मार्ग, २०१० मध्ये इंग्लंडच्या चॅरिटी कमिशनने ड्रुइड नेटवर्कला धर्मकार्य करणारी संस्था म्हणून मान्यताही दिली. पण इथे नाव काढलं की लोकांना चेटूक नाहीतर करणीच आठवते.

तर झालं असं, ३१ ऑक्टोबरला आमचा सॉविन असतो, तिकडे पूर्वी या सुमाराला उन्हाळा संपायचा, गुरं डोंगरावरून खाली आणायचे, आणि गेलेल्या माणसांची आठवण काढायचे. आम्ही घरी एक ताट जास्तीचं वाढतो. यंदा सासूबाईंसाठी वाढलं, त्या मार्चमध्ये गेल्या. पिठलं, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा. ताट लेकीनेच मांडलं आणि पाण्याचा तांब्या डावीकडे ठेवला कारण आजी डावखुरी होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत 'माझा आवडता सण' निबंध आला आणि तिने हेच सगळं लिहिलं. बाईंनी पूर्ण पानावर लाल रेघ मारून खाली लिहिलं, 'असा सण नाही. पुन्हा लिहा.' तिने मुकाट्याने दिवाळी लिहून दाखवली आणि घरी येऊन काही बोललीच नाही, मला वही बघताना कळलं. ते मुकाट्याने लिहिणं मला फार लागलंय.

ब्रिस्टलच्या आमच्या गटातल्या दोघीजणी मुलांना घरीच शिकवायच्या, तिकडच्या १९९६ च्या कायद्यात 'शाळेत किंवा अन्य प्रकारे' असंच लिहिलंय. इथे कायदा काय म्हणतो? परीक्षांचं काय? कुणी केलंय का?

सिंहगडरोडची
आम्ही सहा वर्षं करतोय, दोन मुलं. आम्ही पेगन नाही, साधं गणपती-गौरीवालं घर.

आधी कायदा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात कलम १० खाली पालकांचं कर्तव्य सांगितलंय, पण नाही घातलं तर पालकांना शिक्षा त्यात नाही, आणि होमस्कूलिंग हा शब्दच त्यात नाही. म्हणजे ना धड परवानगी ना धड बंदी, हे नातेवाईकांना समजावताना घसा कोरडा पडतो. उद्या परत शाळेत घालावं वाटलं तर कलम ४ प्रमाणे वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय बोर्ड आहे, वय १४ पूर्ण पाहिजे, पाच विषय, त्यात मराठी घेता येतं, एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी असते. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा राज्य बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्मपण आहे. आणि शाळा सोडलीत तर दाखला जपून ठेवा, आमच्या पाहुण्यांकडे तो हरवला आणि जातीच्या दाखल्यासाठी वर्षभर हेलपाटे घातले त्यांनी.

आता शिकवण्याचं. तुमचे आठ सण ऐकून मला वाटलं की तुमच्या हातात अभ्यासक्रम तयारच आहे! आम्ही गच्चीवर एक मीटरची काठी कुंडीत उभी करतो, २१ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमाराला तिची सावली जवळजवळ ९० सेंटीमीटर पडते, आणि मेच्या मध्यावर त्याच वेळेला सावली काठीच्या बुडाशी गोळा होऊन नाहीशी होते. माझा धाकटा तेव्हा सात वर्षांचा, तो काठीभोवती हात फिरवून सावली शोधत होता. भूगोल तिथून सुरू झाला तो अजून संपलेला नाही.

पण एक सांगते, हे काम दिवसभराचं आहे. मी नोकरी सोडली. मुलं सतत घरात, नवरा दमून आला की त्यालाही शांतता नाही. शाळेचा राग आला म्हणून सुरू केलंत तर राग दोन महिन्यांत उतरतो आणि मंगळवारी सकाळचा भागाकार तसाच समोर असतो.

निवृत्त_बाई (सदाशिव पेठ)
मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. त्या बाईंचं चुकलं, त्यात दुमत नाही. निबंध मुलीने स्वतःचा लिहिला होता, डावखुऱ्या आजीसाठी तांब्या डावीकडे ठेवला हे वाक्य मुलांच्या वह्यांत वर्षाकाठी एखादं सापडतं. पण अगं, साठ वह्या रात्री अकराला तपासताना मीसुद्धा अशा रेघा मारल्या आहेत आणि त्यातल्या दोन-तीन मला अजून आठवतात. आई वही घेऊन भेटायला आली असती तर मी खोडलेलं परत वाचलं असतं. आपल्याकडे सर्वपित्रीला पान वाढतातच की, तिथून बोलायला सुरुवात कर, त्यांना लगेच उमगेल. आधी भेट, मग शाळा सोडायचं बघ.

आणि फॉर्मवरच्या धर्माच्या रकान्याची भीती असेल तर, कुणालाही धर्म सांगायची सक्ती करता येत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय.

जुन्नरकर
ताई, आम्ही महादेव कोळी. आमच्याकडे वाघबारसला वाघोबाची पूजा असते, रानातल्या दगडापाशी, गुराखी पोरं पुढे, खीर तिथेच शिजते. शाळेत मी कधीच नाही लिहिलं ते. कुणी खोडलं नाही माझं, मीच लिहिलं नाही, दरवर्षी दिवाळी नाहीतर होळी. पुण्यात हॉस्टेलला आलो तेव्हा पोरांना सांगायचीपण लाज वाटायची. तुमच्या मुलीने निदान लिहिलं तरी.

तरी मला शाळा नसती तर नको होतं. माझं जे टिकलं ते आजीमुळे आणि वाडीतल्या पंधरा-वीस घरांमुळे टिकलं, सगळे मिळून दगडापाशी जायचो म्हणून. तुमची मुलगी पुण्यात हे सण करणारी एकटीच आहे. तिला घरी ठेवलंत तर देव पण आईचा, शाळा पण आईची, मैत्रिणी कुठून आणणार? मोठी झाल्यावर तिला आईशी भांडायचं असेल तर पळून जायला एकपण जागा राहणार नाही. सणांची माणसं वाढवा आधी. आणि एक विचारू का, १ ऑगस्टला तुमचा पहिल्या कापणीचा सण असतो ना? आमच्याकडे तेव्हा भातलावणी चाललेली असते, गुडघाभर चिखल. मग इथे काय कापता तुम्ही?

टेकडीकडची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. जुन्नरकर दादा, तुमचं उत्तर रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं, दोघं बराच वेळ गप्प होतो. १ ऑगस्टचं खरंच अडतं. आम्ही दोन वर्षं इथे दुकानातला ब्रेड आणून सण करतोय आणि बाहेर धो धो पाऊस. लेकीने गेल्याच वर्षी विचारलं होतं की आई इथे तर काहीच पिकलेलं नाही, आणि मी तिकडचं पुस्तक काढून दाखवलं. म्हणजे तिचं बघितलेलं मीपण खोडलंच की.

काल तिलाच विचारलं, शाळा सोडायची का. म्हणाली खो-खो घरी कसा खेळणार. मग जरा वेळाने म्हणाली, बाईंना कळलं नाही कारण मी आजी गेली ते लिहायचं विसरले, नुसतंच ताट लिहिलं.

तर हे वर्ष शाळा चालू ठेवतोय. बुधवारी साडेचारला बाईंची वेळ घेतलीय, वही नेणार आहे, लेक म्हणतेय मीपण येणार. सिंहगडरोडच्या ताई, २१ डिसेंबरला आमचा यूल असतो, मोठ्या रात्रीचा सण, त्या दिवशी मुलांना घेऊन आमच्या गच्चीवर याल का? काठी आमच्याकडे आहे. आणि दादा, लावणीच्या वेळी तुमच्या वाडीला आलो तर चालेल का, चिखलात उतरायची तयारी आहे आमची.

जुन्नरकर
या की. जुने कपडे आणा.